विश्लेषण : वीज गेली, फायबर तुटले, मग लॅपटॉपला इंटरनेट कसे द्यायचे?

महाड औद्योगिक वसाहतीच्या परिसरात, म्हणजे बिरवाडी, आसनपोई, नांगलवाडी, जिते या गावांत आणि पुढे पोलादपूरपर्यंत, लॅपटॉप ही आता केवळ कार्यालयातील वस्तू राहिलेली नाही. पाळी संपल्यावर घरून अहवाल पाठवणारा पर्यवेक्षक असो वा अभियांत्रिकी प्रवेशाचा पर्यायअर्ज भरणारी विद्यार्थिनी, सगळे घरच्या ब्रॉडबँडवर अवलंबून असतात. प्रवेशाच्या या फेऱ्या नेमक्या पावसाळ्यात येतात आणि अर्जाची मुदत पावसासाठी थांबत नाही. अशा वेळी लॅपटॉपला खोचलेला बोटभर लांबीचा यूएसबी मोडेम किंवा केबलने जोडलेला साधा फोन उपयोगी पडतो. मात्र ऐनवेळी तो जोडायला गेल्यावर ‘कनेक्ट होत नाही’ हाच अनुभव अनेकांना येतो. असे का होते आणि जोडणी नेमकी कशी करायची?

वीज गेली की फायबर का बंद पडते?

जुन्या लँडलाइन फोनची तांब्याची तार एक्स्चेंजमधून आवाजाबरोबर वीजही आणत असे. एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा पुरवठा तारेवरून थेट घरातील फोनपर्यंत यायचा. त्यामुळे गावात अंधार असला तरी फोन वाजायचा. फायबरमधून प्रकाश जातो, वीज नाही. भिंतीवरच्या ज्या डबीत फायबर येऊन संपते ती, म्हणजे ओएनटी, आणि तिच्याशेजारचा राउटर हे दोन्ही घरच्या विजेवर चालतात. महावितरणचा पुरवठा खंडित झाला की फायबर धडधाकट असूनही घरातले इंटरनेट बंद पडते. म्हणून अनेकदा ‘लाइन तुटली’ अशी जी तक्रार नोंदवली जाते, ती खरे तर विजेची असते. ओएनटीवरचा ‘पॉन’ दिवा स्थिर असेल तर फायबर शाबूत आहे. ‘लॉस’चा लाल दिवा लागला तर मात्र काच कुठेतरी तुटली आहे. एखाद्या जेसीबीचा पंजा लागून ती तुटली असेल, तर सांधणाऱ्या माणसाची वाट पाहण्यावाचून इलाज नसतो.

यूएसबी मोडेमला यातले काही लागत नाही. यूएसबी २.० जोडणीतून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मिळते, म्हणजे जेमतेम अडीच वॅट, आणि तेवढ्यावर तो चालतो. लॅपटॉपची बॅटरी जोवर टिकते तोवर मोडेमही चालू राहतो. पावसाळ्यात सारा फरक इथेच पडतो.

यूएसबी मोडेम ही कल्पना आली कुठून?

बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये ‘डेटावन’ या नावाने ब्रॉडबँड सुरू केले, तेव्हा फोनच्या तारेवर चालणाऱ्या एडीएसएल मोडेमपैकी अनेकांना मागे दोन खाचा असत. एक चौकोनी यूएसबीची आणि दुसरी इथरनेटची. दोन्हींतून इंटरनेट यायचे, पण काम करण्याची पद्धत वेगळी होती. इथरनेटने जोडले की संगणकाला फक्त नेटवर्क कार्ड लागे. यूएसबीने जोडले की मोडेम ओळखण्यासाठी संगणकात ‘ड्रायव्हर’ नावाचा छोटा प्रोग्राम आधी टाकावा लागे. त्याची सीडी मोडेमच्या खोक्यात असायची आणि बहुतेक घरांत ती सहा महिन्यांत हरवायची. संगणक फॉरमॅट केला की इंटरनेट बंद आणि ड्रायव्हर उतरवून घ्यायला इंटरनेट हवे, असा पेच तेव्हा अनेकांनी अनुभवला आहे.

आजच्या अडचणींचे मूळही इथेच सापडते. इथरनेट किंवा वाय-फायमध्ये बरेचसे काम मोडेम-राउटर स्वतः करतो. लॅपटॉप फक्त पाहुणा असतो. यूएसबीमध्ये अर्धे काम लॅपटॉपवर येऊन पडते. मोडेम ओळखणे, ड्रायव्हर चालवणे आणि काही प्रकारांत तर कनेक्शन ‘डायल’ करणेही त्याच्याकडेच असते. म्हणून तोच डोंगल एका लॅपटॉपवर चालतो आणि दुसऱ्यावर नाही. दोष रेंजचा समजून माणूस छपरावर चढतो, आणि खरी गोची ड्रायव्हरमध्ये असते.

कोकणापुरती आणखी एक गोष्ट. इथरनेटच्या खाचेत विजेचा धक्का अडवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. साध्या यूएसबीत तसे विलगीकरण नसते. मान्सूनपूर्व वळिवात तारेवर वीज पडली तर मोडेम जळायचाच, पण यूएसबीने जोडलेला संगणकही सोबत जाण्याचा धोका मोठा असे. ज्यांच्याकडे अजून तांब्याच्या तारेचे कनेक्शन आहे, त्यांनी गडगडाट सुरू झाला की तार काढून ठेवण्याची जुनी सवय मोडू नये.

डोंगल लावला तर सीडी दिसते, इंटरनेट नाही; असे का?

सीडीच्या कटकटीवर उपाय म्हणून कंपन्यांनी ड्रायव्हर डोंगलच्या पोटातच ठेवला. त्यामुळे डोंगल लॅपटॉपला लावल्यावर आधी आपण ‘सीडी ड्राइव्ह’ असल्याचे सोंग घेतो. लॅपटॉप ती ‘सीडी’ उघडतो, त्यातला प्रोग्राम चालतो आणि तो डोंगलला सांगतो की आता सोंग टाक, मोडेम हो. मग डोंगल एकदा आतल्या आत सुटून पुन्हा जोडल्यासारखा होतो आणि मोडेम म्हणून उभा राहतो. हा बदल झालाच नाही तर ‘माय कॉम्प्युटर’मध्ये फक्त सीडीचे चित्र दिसत राहते.

विंडोजवर याचे नेहमीचे कारण म्हणजे सुरक्षेसाठी बंद केलेले ‘ऑटोरन’. कारखान्याने दिलेल्या लॅपटॉपवर हे हटकून बंद असते, आणि काही ठिकाणी तर यूएसबीच्या साठवणुकीला पूर्ण मज्जाव असतो. घरचा लॅपटॉप असेल तर ती सीडी उघडून आतील सेटअप हाताने चालवावा. कंपनीचा असेल तर आयटी विभागाला आधीच विचारून ठेवावे. भर पावसात, सुटीच्या दिवशी ती परवानगी मिळत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ‘यूएसबी मोडस्विच’ हा छोटा प्रोग्राम हेच सोंग उतरवण्याचे काम करतो आणि बहुतेक प्रचलित आवृत्त्यांमध्ये तो सहज मिळतो.

मोडेम झाल्यावरही दोन प्रकार राहतात. जुन्या प्रकारात लॅपटॉप त्याला *९९# हा क्रमांक ‘डायल’ करायला लावतो. इथे कुणालाही फोन लागत नसतो. मोबाइल नेटवर्कला ‘डेटा सुरू कर’ असे सांगण्याची ती खूण आहे. नव्या प्रकारात डोंगल स्वतःच छोटा राउटर असतो आणि लॅपटॉपला तो नेटवर्क कार्डासारखा दिसतो. डायल वगैरे काही करावे लागत नाही. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की सेटिंगचे पान उघडते. हुआवेच्या डोंगलमध्ये तो बहुधा १९२.१६८.८.१ असतो. नवा घ्यायचा असेल तर हाच प्रकार घ्यावा.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट तपासावीच लागते, ती म्हणजे एपीएन. सिम ज्या कंपनीचे, तिच्या डेटा-दाराचे हे नाव. जिओसाठी ‘जिओनेट’, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’ अशी ही नावे इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायची असतात. एका कंपनीचे सिम काढून दुसऱ्याचे घातले, पण एपीएन जुनाच राहिला, तर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात आणि एक पानही उघडत नाही.

मुंबईचे सिम पोलादपुरात का अडते?

पोलादपूर तालुक्यातील असंख्य कुटुंबांचे एक घर मुंबईत आहे. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येताना चाकरमानी डोंगलही बरोबर आणतात. दूरसंचारच्या नकाशावर मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ आहे आणि महाड-पोलादपूर महाराष्ट्र परिमंडळात येते. देशांतर्गत रोमिंगचे वेगळे पैसे आता लागत नाहीत, त्यामुळे फोनवर हा फरक सहसा जाणवतही नाही. काही डोंगल मात्र त्याला रोमिंग समजतात आणि त्यांच्या सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ मुळातच बंद असते. दिवा लागतो, कंपनीचे नावही दिसते, पण डेटा येत नाही. सेटिंगच्या पानावर जाऊन डेटा रोमिंग सुरू केले की काम होते. एवढ्याशा कारणासाठी नवे सिम घेणारेही आहेत.

कपाटातला जुना डोंगल चालेल का?

बहुधा नाही. टाटा फोटॉन, रिलायन्स नेटकनेक्ट यांसारखे डोंगल सीडीएमए तंत्रावर चालत. ती नेटवर्के केव्हाच बंद झाली आहेत. त्यांचा आता पेपरवेटपलीकडे उपयोग नाही. त्यानंतरचे थ्रीजी डोंगलही जवळपास निरुपयोगी झाले आहेत. एअरटेलने २०२० मध्येच थ्रीजी गुंडाळले आणि जिओ तर सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाले तेच फोरजीवर. डोंगलवर फक्त ‘३जी’ किंवा ‘एचएसपीए’ लिहिलेले असेल, तर सिम बदलून काही साधणार नाही.

फोरजी डोंगल असला तरी तो कोणत्या लहरी पकडतो हे पाहायला हवे. एकाच कंपनीचे फोरजी वेगवेगळ्या वारंवारतांवर चालते. त्यातल्या २३०० किंवा १८०० मेगाहर्ट्झच्या लहरी वेग चांगला देतात, पण डोंगराआड किंवा जाड भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतात. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब पोहोचतात आणि आडोशाला थोड्या वळतातही. वसाहतीच्या सपाट भागात हा फरक फारसा जाणवणार नाही. पोलादपूरहून आंबेनळी किंवा कशेडी घाटाच्या दिशेने सरकले, सावित्रीच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंनी डोंगर चढू लागले, की मात्र फोनवर दोन काड्या आणि शेजारी ठेवलेल्या डोंगलवर एकही नाही असे घडते. स्वस्त डोंगलमध्ये कमी वारंवारतेचे बँड वगळलेले असतात. खोक्यावर ‘बँड ५’ (८५०) किंवा ‘बँड ८’ (९००) लिहिले आहे का आणि आपल्या गावात फोन कोणत्या कंपनीवर उत्तम चालतो, या दोन गोष्टी जुळवूनच खरेदी करावी. बीएसएनएलच्या फोरजीसाठी ७०० मेगाहर्ट्झचा ‘बँड २८’ही पाहावा.

पत्र्याच्या छपराखाली तर रेंज आणखी घटते, कारण धातू लहरी अडवतो. उपाय साधा आहे. एक-दोन मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल खिडकीशी, पाऊस लागणार नाही अशा बेताने टांगायचा. केबल पाच मीटरच्या पुढे नको. त्याहून लांब साध्या केबलवर यूएसबी २.० नीट चालत नाही आणि वीजही कमी पोहोचते. रेंज कमी असताना डोंगल जास्त वीज ओढतो. त्यामुळे लांब, बारीक केबलवर तो मध्येच बंद पडून पुन्हा चालू होतो, आणि हा दोषही लोक नेटवर्कच्याच माथी मारतात.

सिमचाही एक मुद्दा आहे. डोंगल फक्त पावसाळ्यासाठी ठेवला आणि वर्षभर सिम वापरलेच नाही, तर सलग ९० दिवस कोणताच वापर न झालेले प्रीपेड सिम कंपनी बंद करू शकते. मे महिन्यात कौले चाळताना किंवा पत्रे तपासताना एकदा डोंगलही लावून पाहावा.

वेगळा डोंगल नसेल तर?

फोन आहेच. अँड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडून सेटिंगमधील ‘हॉटस्पॉट अँड टेदरिंग’मध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले की फोन हाच यूएसबी मोडेम होतो. विंडोज १० आणि ११ मध्ये त्याचा ड्रायव्हर आधीपासून असतो. आयफोनसाठी विंडोजवर अ‍ॅपलचे सॉफ्टवेअर टाकावे लागते. वाय-फाय हॉटस्पॉटपेक्षा केबल बरी, कारण हॉटस्पॉटने फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. केबलवर उलट फोन थोडा चार्ज होत राहतो. त्या बदल्यात लॅपटॉपची बॅटरी लवकर संपते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

इथे सर्वांत जास्त फसवते ती केबल. यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच. फोन चार्ज होताना दिसतो म्हणून केबल चांगली आहे असे वाटते, पण ‘यूएसबी टेदरिंग’चे बटण पुसटच राहते. फोनच्या खोक्यातली मूळ केबल जपून ठेवावी.

टेदरिंगचा आणखी एक उपयोग फार कमी जणांना ठाऊक असतो. घरचे ब्रॉडबँड चालू आहे, पण लॅपटॉपचेच वाय-फाय बिघडले आहे, अशा वेळी फोन घरच्या वाय-फायला जोडायचा आणि लॅपटॉप यूएसबीने फोनला. बहुतेक अँड्रॉइड फोन वाय-फायवरून आलेले इंटरनेट केबलने पुढे देतात. मोबाइल डेटा खर्च होत नाही आणि दुरुस्तीला महाडला जाईपर्यंत काम निभावते.

जोडणी झाली, पण डेटा तासाभरात संपला तर?

घरच्या फायबरवर लॅपटॉपला मोकळे रान असते. डोंगल किंवा फोन जोडला तरी त्याला ते कळत नाही. तो विंडोजची अद्ययावत आवृत्ती उतरवायला घेतो, फोटो ढगात चढवू लागतो, आणि दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा अर्ज उघडायच्या आतच संपतो. त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो. भारतात २००४ च्या धोरणानुसार २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले जाई आणि २०२३ पासून ही किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे. ६४ केबीपीएस म्हणजे त्या पहिल्या मर्यादेच्याही चौथा हिस्सा. त्यावर छायाचित्रे जोडायचा सरकारी अर्ज जाणे अशक्यप्राय.

विंडोजमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जाऊन त्या जोडणीसमोर ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू केले की बहुतेक पार्श्वभूमीतील उतरवणे थांबते. हे प्रत्येक जोडणीसाठी एकदाच करावे लागते, म्हणून कोरड्या दिवशी करून ठेवलेले बरे. अर्जासाठी लागणारी छायाचित्रे आणि कागदपत्रे आधीच लहान आकारात करून लॅपटॉपवर ठेवली तर काही एमबीत काम होते.

राउटरच वीज नसताना चालवता येईल का?

येईल, आणि फायबर शाबूत असेल तर तोच सर्वांत चांगला मार्ग आहे. ओएनटी आणि राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी बाजारात मिळणारा छोटा डीसी यूपीएस काही तास पुरतो. मात्र घेण्यापूर्वी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जुळवावेत. ९ व्होल्टचा राउटर १२ व्होल्टला लावला तर तो जळू शकतो. पुढे कंपनीच्या यंत्रणेलाही वीज लागते, हे अर्थात आपल्या हातात नसते.

२०२१ सारखा पूर आला तर?

तेव्हा यूएसबी मोडेमचाही उपयोग नसतो. २२ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथूनच उगम पावून पोलादपूर, महाडमार्गे बाणकोटच्या खाडीकडे जाते. महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, वीज गेली आणि मोबाइल नेटवर्कही कोलमडले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. रस्ते पाण्याखाली आणि फोन बंद असल्याने बातमी बाहेर पडायलाच वेळ लागला, बचाव पथके पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. मोबाइलचा मनोरा हाही बॅटरी आणि डिझेलवर काही काळच तग धरतो. रस्ता बंद झाला की डिझेल पोहोचत नाही.

अशा आपत्तीत दूरसंचार विभाग ‘इंट्रा सर्कल रोमिंग’ सुरू करायला सांगू शकतो. म्हणजे आपल्या कंपनीचा मनोरा बंद असला तरी दुसऱ्या कंपनीच्या चालू मनोऱ्यावर सिम चालते. त्यासाठीही फोनमधील डेटा रोमिंग सुरू आणि नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’वर हवी. रेंज अगदी पुसट असेल तर इंटरनेटचा नाद सोडून साधा एसएमएस पाठवावा. डेटा न चालणाऱ्या जागीही तो बरेचदा निघून जातो.

आणि पाणी चढू लागले तर डोंगल काढून लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या मजल्यावर न्यावा. साधारण ५० वॅट-तासांच्या भरलेल्या बॅटरीतून पाच हजार मिलिअँपिअर-तासांचा फोन दोनदा तरी चार्ज होतो. अनेक लॅपटॉप झाकण मिटल्यावरही एखाद्या यूएसबीतून वीज देतात. ती सोय आपल्या लॅपटॉपला आहे का, हे जूनच्या आधीच पाहून ठेवता येते.